तळं खोदण्याआधी एक पावसाळा थांबा

शनिवारी सकाळी जयनगरहून निघून बनशंकरीवरून कनकपुरा रस्त्याला लागलं की पुढच्या गाडीच्या डिकीत हमखास फावडं, रोपांच्या पिशव्या नाहीतर ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळं दिसतं. कर्नाटकानं २०२० मध्ये जमीन सुधारणा कायदा बदलला आणि शेतकरी नसलेल्यांनाही शेतजमीन घेता येऊ लागली. तेव्हापासून आमच्या ओळखीतल्या कितीतरी मराठी घरांनी या बाजूला एकर-दोन एकर घेतले आहेत. काहींची गावाकडे वडिलोपार्जित वाटणी आहे आणि निवृत्तीनंतर तिकडे काहीतरी करायचं मनात आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात बेंगळुरूतल्या बोअरवेल एकामागून एक कोरड्या पडल्या, तेव्हापासून या सगळ्यांकडून मला एकच विचारणा होते: तळं खोदायचंय, चांगला जेसीबीवाला माहीत आहे का?

जेसीबीवाला सगळ्यात शेवटी लागतो. त्याच्या आधी एक छत्री, एक काठी आणि एक पूर्ण पावसाळा लागतो. हे मी दोन तळ्यांच्या अनुभवावरून सांगते आहे, त्यातलं पहिलं वाहून गेलं.

आमची जमीन कनकपुऱ्याच्या पुढे आहे, दोन एकर, लाल माती, एका कडेला उतार. २०२१ च्या मार्चमध्ये आम्ही सगळ्यात सखल कोपरा बघून तिथे तळं खोदलं. सखल भागात पाणी आपोआप येईल, एवढाच विचार केला होता. पहिल्या वर्षी बरं चाललं. मग २०२२ चा विक्रमी पाऊस आला. वरच्या चार शेतांचं पाणी त्या कोपऱ्यातून ओढ्यासारखं वाहत आलं, तळं भरलं, पाण्याला बाहेर जायला नीट वाट नव्हती, म्हणून त्यानं बांधाचा कोपरा फोडला. खालच्या शेतकऱ्याच्या नाचणीत आमची माती जाऊन बसली. तो सकाळी बांधावर उभा होता. मला म्हणाला, “अम्मा, ही पाण्याची वाट आहे. माझे वडील इथे नांगरसुद्धा उथळ धरायचे.” खोदण्याआधी मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. नुकसान भरून दिलं, माफी मागितली, आणि पुढचं वर्षभर फक्त पाणी बघितलं.

तेव्हा पहिलं काम हे, की जोराचा पाऊस चालू असताना जमिनीवर जा. पाऊस थांबल्यावर जाऊन उपयोग नाही, तोवर निम्मी गोष्ट वाहून गेलेली असते. कुठल्या बांधावरून पाणी आत येतं, कुठे पसरतं, कुठे त्याला वेग येतो, कुठे गढूळ आहे आणि कुठे नितळ, हे डोळ्यांनी पाहा. काठीला रिबन बांधून त्या जागा खुणावून ठेवा. ज्या वाटेनं शेजाऱ्यांचंही पाणी वाहतं ती वाट सोडा. तळं ओढ्याच्या पोटात खोदायचं नसतं, ओढ्याच्या बाजूला खोदून त्यातलं थोडं पाणी चारीनं वळवून घ्यायचं असतं. सर्व्हे नकाशावर हळ्ळ किंवा राजकालुवे दाखवलेली असेल, आपल्याकडच्या गावनकाशावर नाला असेल, तर त्याला हात लावू नका. बेंगळुरूतली किती तरी तळी कोरडी पडली ती पाऊस कमी झाला म्हणून नव्हे; एका तळ्याचं जादा पाणी दुसऱ्याकडे नेणाऱ्या या राजकालुव्यांवर घरं आणि रस्ते उभे राहिले म्हणून.

जाता जाता एक सांगते. कन्नडमध्ये पावसाला ‘मळे’ म्हणतात. आपल्याकडे मळा म्हणजे पाण्याखालची जमीन, बागायत. शेजारचे अण्णा “मळे बंतु” म्हणाले की मला दर वेळी आमच्या मंगळवेढ्याचा मळा आठवतो.

आता हिशोब. तो अवघड नाही आणि तो न करता खोदलेली तळी जागोजाग अर्धी रिकामी दिसतात. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर पाणी होतं. एवढं एक वाक्य पाठ असलं की पुरे. आमच्या जयनगरच्या घराची गच्ची १०० चौरस मीटर आहे. बेंगळुरूचा सरासरी पाऊस वर्षाला सुमारे ९७० मिलिमीटर. म्हणजे गच्चीवर वर्षभरात ९७ हजार लिटर पडतं आणि ते जवळजवळ सगळं हाती येतं, कारण गच्ची पाणी पीत नाही. माती पिते. शेतात पडलेल्या पाण्यापैकी साधारण १० ते २० टक्केच वाहून तळ्यापर्यंत येतं, बाकीचं मुरतं, आणि ते मुरलेलं बरंच असतं.

एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. पाऊस ८०० मिलिमीटर धरला तर एकरावर वर्षाला ३२ लाख लिटरच्या वर पाणी पडतं. त्याचे १५ टक्के म्हणजे पावणेपाच-पाच लाख लिटर. दोन एकरांचे साडेनऊ लाखांच्या आसपास. आता तळ्याच्या मापांकडे या. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल, कडांना एकास एक उतार दिलेलं तळं २१ लाख ९६ हजार लिटर धरतं. २० बाय २० चं धरतं ८ लाख ७६ हजार. १५ बाय १५ चं ४ लाख ४१ हजार. आमच्या दोन एकरांना २० बाय २० पुरेसं आहे. ३० बाय ३० खोदलं असतं तर ते कधी भरलंच नसतं, आणि ९०० चौरस मीटर जमीन मात्र कायमची गेली असती.

भरलेलं सगळं पाणी वापरायला मिळत नाही, हेही लक्षात घ्या. ऊन आपला वाटा घेतं. २० बाय २० च्या पाण्याचा पृष्ठभाग ४०० चौरस मीटर. रोज ६ मिलिमीटर वाफ झाली तर दिवसाला २,४०० लिटर जातात. मंगळवेढ्याला दादाचं ३० बाय ३० चं तळं आहे. तिथे उन्हाळ्यात रोजचे ८ मिलिमीटर धरले तरी भरल्या तळ्यातून दिवसाला ७,२०० लिटर उडतात. म्हणून तेवढंच पाणी पसरट तळ्यापेक्षा खोल तळ्यात जास्त टिकतं. दुसरी गोष्ट, एका एकराला पाच सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यायला दोन लाख लिटर लागतात. वाफ आणि पाझर वजा जाता आमच्या तळ्यातून एकराला दोन, फार तर अडीच पाळ्या निघतात. तुम्हाला वाटेल, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? ज्यांनी पोटरीत आलेली ज्वारी पाण्यावाचून सुकताना पाहिली आहे त्यांना एका पाळीची किंमत सांगावी लागत नाही. शेततळं असतं ते त्या एका पाळीसाठी. त्याच्या भरवशावर ऊस किंवा बारमाही केळी लावायची नसते.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, कारण ती पाहून जीव तुटतो. महाराष्ट्रात २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, कर्नाटकात २०१४ मध्ये ‘कृषी भाग्य’ सुरू झाली, इकडे त्या तळ्याला कृषी होंड म्हणतात. दोन्हींमागचा विचार वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवण्याचा होता. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तळ्याला प्लास्टिक अंथरायचं आणि पावसाळ्यात विहिरी-बोअर उपसून ते भरून ठेवायचं, असं होऊ लागलं. जे पाणी जमिनीत सावलीला, सगळ्या गावाच्या मालकीचं होतं, ते वर काढून उन्हात ठेवायचं. त्यातलं बरंच वाफ होऊन जातं आणि शेजारच्या लहान शेतकऱ्याची विहीर महिनाभर आधी तळ गाठते. तुमच्या तळ्याला पाणी कुठून येणार या प्रश्नाचं उत्तर “बोअरमधून” असं असेल, तर कृपा करून तळं खोदू नका. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीची शेततळी आणि द्राक्षबागा पाहायला लोक लांबून जातात. पण तिथे १९९० च्या दशकात आधी पाणलोटाची कामं झाली, बांधबंदिस्ती झाली, पाणी शिवारात थांबायला लागलं, त्यानंतर तळ्यांची रांग लागली. हा क्रम उलटा करता येत नाही.

पाण्याचा हिशोब जमला की मातीकडे वळायचं. जयनगरच्या घरात पाणी मुरवायची विहीर खोदायला आम्ही मण्णु वड्डरांना बोलावलं होतं. मण्णु म्हणजे माती. आपल्याकडचे माती वडार ते हेच, घरात बोलायची भाषाही तीच तेलुगू वळणाची. बेंगळुरू परिसरातल्या उघड्या विहिरी पिढ्यान्‌पिढ्या यांनी खोदल्या; बोअर आल्यावर काम सुटलं होतं, आता पाणी मुरवण्याच्या विहिरींमुळे काहींना ते परत मिळालं आहे. तीन फूट रुंद, वीस फूट खोल विहिरीत एक माणूस आत उतरला होता, दुसरा वर रहाटावर. दर काही फुटांनी आतला माणूस पाटीत एक मूठ माती वेगळी ठेवून वर पाठवायचा. वरच्या अण्णांनी त्या मुठी कठड्यावर ओळीनं मांडल्या: आधी तांबडी, मग पिवळसर, मग पांढऱ्या ठिपक्यांची भुसभुशीत, चुरगाळली की हातात अभ्रक चमकणारी. तांबडीवर चार थेंब पाणी टाकून त्यांनी अंगठा आणि तर्जनीत तिची पट्टी लाटली. बोटभर लांब पट्टी न तुटता आली. खालच्या मातीची पट्टी होईचना, वाळूसारखी ढासळली. अण्णा म्हणाले, वरची पाणी धरते, खालची पिते. मला तळ्याबद्दल जे चार पुस्तकांतून कळलं नव्हतं ते त्या कठड्यावर कळलं. आमचं पहिलं तळं आम्ही वरची धरणारी माती खरवडून थेट पिणाऱ्या थरात नेऊन ठेवलं होतं.

तुम्ही तुमच्या जमिनीत हेच करा. तळ्याचा तळ जिथे येणार तितका खोल एक चाचणी-खड्डा घ्या, माणूस उतरू शकेल एवढा रुंद, आणि कडा ढासळू नयेत म्हणून पायऱ्या ठेवत घ्या. प्रत्येक थराची मूठ वेगळी ठेवा, पट्टी लाटून पाहा. मग खड्ड्यात संध्याकाळी हातभर पाणी भरा, रात्रभर माती भिजू द्या, सकाळी पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरून काठीवर खूण करा. चोवीस तासांत पाणी दोन बोटं उतरलं तर माती धरते आहे. वीतभर उतरलं तर प्लास्टिकशिवाय तिथे पाणी टिकणार नाही.

टिकलं नाही म्हणजे जागा वाया गेली असं मात्र नाही. पाणी साठवायचं आहे की मुरवायचं आहे, हे आधी मनाशी ठरवा. तळ्याच्या खालच्या अंगाला तुमची विहीर असेल तर गळकं तळं हे पाझर तळं होतं, आणि उन्हाळ्यात विहिरीला त्याचं पाणी लागतं. आमचं आताचं तळं साठवणीचं आहे; त्याचं जादा पाणी जातं ते जुन्या फुटक्या तळ्याच्या उथळ खड्ड्यात. तिथे ते चार दिवसांत मुरतं. त्यासाठी जुन्या खड्ड्यातून वाहत्या पाण्याची वाट आम्ही पुन्हा मोकळी करून दिली. खालच्या शेतातल्या विहिरीचं पाणी आता मार्चपर्यंत हाताला लागतं, असं तिथले अण्णा सांगतात. माझ्या अपराधाची ही थोडी परतफेड.

काळ्या जमिनीची गोष्ट वेगळी. मंगळवेढ्याची ज्वारीची काळी माती ओली असताना थेंब सोडत नाही, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचं पाणी त्या भेगा पितात. शिवाय तिच्या कडा उभ्या राहत नाहीत. कठीण मुरमात एकास एक उतार चालतो. काळ्या मातीत दीडास एक, शक्य तर दोनास एक द्या, म्हणजे एक मीटर खोलीला दोन मीटर आडवी पसरण. उतार सौम्य केला की साठा घटतो: २० बाय २० च्या तळ्याला दीडास एक उतार दिला तर पाणी ८ लाख ७६ हजारांवरून ७ लाख ४१ हजारांवर येतं. तो तोटा सोसा. ढासळलेली कड पुन्हा बांधण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

अनुदान हवं असेल तर खोदाईच्या आधी चौकशी करा. पूर्वसंमती नसताना केलेल्या कामाला पैसे मिळत नाहीत. कर्नाटकात होबळीच्या रैत संपर्क केंद्रात जा, महाराष्ट्रात महाडीबीटीवर अर्ज करा. अटी दर वर्षी बदलतात, म्हणून त्यावर इथे जास्त लिहीत नाही.

खोदाई कधी करायची हेही जागेवर ठरतं. महाराष्ट्रात मे अखेरपर्यंत वेळ असतो. इकडे एप्रिल-मे मध्येच वळवाचे जोरदार पाऊस पडतात, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये काम उरकायला हवं. बेंगळुरूकडचा मोठा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरचा, तळं खरं भरतं ते तेव्हा.

यंत्र आलं की तुम्ही दिवसभर तिथे उभं राहायचं. वरची फूटभर सुपीक माती आधी काढून वेगळ्या ढिगात ठेवायला सांगा, ती बांधाच्या वरच्या अंगावर गवत लावायला लागते. त्याखालची चिकण माती दुसऱ्या ढिगात; मुरूम तिसऱ्या. यंत्रवाल्याला घाई असते, तो सगळं एकत्र लोटतो, आणि एकदा मिसळलेली माती पुन्हा निवडता येत नाही. बांध घालताना आधी खाली फूट-दीड फूट खोल चर खणून त्यात चिकण माती ठोकून भरायची, म्हणजे बांध जमिनीत रुजतो आणि त्याच्या बुडातून पाणी पाझरत नाही. मग बांधाच्या पोटात चिकण माती, बाहेरच्या अंगाला मुरूम. भराव एकदम न टाकता वीत-वीत थर देऊन, पाणी शिंपडून, प्रत्येक थर दाबून घ्यायचा. आमच्या फुटलेल्या बांधाचा कोपरा नंतर कापून पाहिला तेव्हा आत मोकळी, कोरडी, भुसभुशीत माती होती; तिच्यावर पाण्याचा हात एकदाही फिरला नव्हता. तळ्याची कड आणि बांध यांच्यात मीटरभर मोकळी पट्टी ठेवा, नाहीतर बांधावरून धुपलेली माती पहिल्याच वर्षी तळ्यात परत येते.

सांडवा हा तळ्याचा प्राण आहे. तो बांधाच्या माथ्यापेक्षा निदान दीड फूट खाली हवा, रुंद आणि उथळ हवा, आणि भरावावर न ठेवता मूळच्या न हललेल्या जमिनीवर काढलेला हवा. त्यावर दगडी पिचिंग करा किंवा हरळी लावा. पाणी आत येण्याची जागा आणि बाहेर जाण्याची जागा वेगळी ठेवा. आत येणाऱ्या चारीवर, तळ्यापासून आठ-दहा फूट अलीकडे, दोन मीटर लांब-रुंद आणि मीटरभर खोल असा गाळाचा खड्डा करा. पाणी तिथे क्षणभर थबकतं, माती खाली बसते, नितळलेलं पाणी पुढे जातं. हे समजून घ्यायचं असेल तर जयनगरच्या पाचव्या ब्लॉकात सर एम. विश्वेश्वरय्यांच्या नावाचं पर्जन्यजल संधारणाचं उद्यान आहे, पाणीपुरवठा मंडळानं उभारलेलं. तिथल्या नमुन्यांत गच्चीचं पहिलं गढूळ पाणी बाजूला कसं काढतात ते पाहा. तत्त्व तेच, फक्त गच्चीऐवजी शेत. मुलांना घेऊन जा, त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतं.

प्लास्टिक अंथरायचंच असेल तर विणलेल्या एचडीपीईचं ५०० मायक्रॉनचं, आयएस १५३५१ चा शिक्का असलेलं घ्या. कापडाचं माप काढताना तळाची लांबी, दोन्ही बाजूंचे तिरपे उतार आणि कडेला चरात पुरायला दोन्हीकडे दीड-दीड मीटर, एवढं धरा. ३० बाय ३० च्या तळ्याला त्यामुळे साधारण साडेपस्तीस मीटर बाजूचा चौकोन लागतो. अंथरण्याआधी तळ आणि कडा हातानं चाचपून एकेक खडा, एकेक मूळ वेचा. वर चाळलेल्या मातीचा पातळ थर द्या. कागद सकाळच्या गारव्यात अंथरायचा आणि ताणायचा नाही, थोडा सैल ठेवायचा, कारण तो उन्हात फुगतो आणि थंडीत आखडतो. अंथरल्याबरोबर फूटभर पाणी सोडा, नाहीतर पहिल्या वाऱ्याला तो शिडासारखा उचलला जातो.

आणि कुंपण. तळं खोदायचं काम कुंपण झाल्याशिवाय संपलं असं मानू नका. प्लास्टिकच्या तळ्यावर काही महिन्यांत शेवाळाचा थर चढतो आणि ती कड साबणासारखी होते. पट्टीचा पोहणारासुद्धा वर येऊ शकत नाही, लहान मूल तर नाहीच. दर वर्षी शेततळ्यात बुडाल्याच्या बातम्या येतात, त्यात बहुतेक मुलं असतात. आमच्या वाटेवरच्या एका तळ्यात रात्री एक कुत्रा पडला होता. सकाळी आम्ही पोचलो तेव्हा पाण्याच्या रेषेपासून हातभर वरपर्यंत हिरव्या शेवाळावर नखांचे ओरखडे होते, चारही बाजूंना. त्यानं रात्रभर एकेक कड करून पाहिली होती. तेव्हापासून मी जिथे जाते तिथे हेच सांगते: पाच फूट उंच जाळीचं कुंपण, कुलूप लागणारं फाटक, चारही कडांना खुंट्यांना बांधून पाण्यात सोडलेले हात-हात अंतरावर गाठी मारलेले जाड दोर, फुगवलेल्या दोन ट्यूब, आणि एका कडेला टायर किंवा दोराची शिडी. हा खर्च खोदाईच्या अंदाजातच धरा. ज्यांची जमीन कनकपुऱ्याच्या पुढे जंगलाला लागून आहे त्यांच्याकडे हत्ती येतात. हत्ती साध्या जाळीला जुमानत नाही, म्हणून अशा जागी प्लास्टिकचं खोल तळं घेऊच नये. एका बाजूनं लांब सौम्य उतार असलेलं मातीचं तळं घ्यावं, म्हणजे आत उतरलेलं जनावर चालत बाहेर पडतं.

तळं लहान असलं म्हणून हिरमुसू नका. याच कनकपुरा रस्त्यानं पुढे मळवळ्ळी लागतं. तिथल्या दासनदोड्डीच्या कामेगौडांनी मेंढ्या राखता राखता डोंगरावर तळी खोदली, कारण तिथल्या पाखरांना आणि जनावरांना प्यायला पाणी नव्हतं. २०२० मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांचं नाव घेतलं तेव्हा तळ्यांची संख्या १६ झाली होती. २०२२ मध्ये कामेगौडा गेले. एकही तळं मोठं नव्हतं.

आता वर्षभराची निगा. बांधावर झाडं लावायची नाहीत. मुळं वाळली की त्यांच्या जागी पाण्याला बोगदे मिळतात. वाळा लावा, इकडे त्याला लावंच म्हणतात, त्याची मुळं सरळ खाली जातात आणि माती धरून ठेवतात. हरळी, मारवेल चालतं. पावसाळ्यात दर मोठ्या पावसानंतर गाळाचा खड्डा उपसा, हे काम महिनाभर टाळलं की गाळ तळ्यात जातो. बांधाच्या बाहेरच्या बुडाशी चालत एक फेरी मारा. तिथे ओल दिसली आणि पाणी नितळ असेल तर नुसतं लक्ष ठेवा. गढूळ पाणी झिरपत असेल तर आतून माती वाहते आहे, त्याच दिवशी साठा उतरवा आणि ती जागा उकरून चिकण मातीनं ठोकून घ्या. खेकड्यांची आणि घुशींची बिळं याच फेरीत दिसतात, ती ओली माती दाबून बुजवत जा.

डासांसाठी गप्पी मासे सोडा, औषध टाकू नका. आठ-दहा महिने पाणी टिकत असेल तर कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडता येते; कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, त्यामुळे तिघांचं भांडण नसतं. मांगूर मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी नको, आफ्रिकी मांगूर पाळायला बंदी आहे आणि पुरात तो ओढ्यात गेला तर तिथले मासे संपवतो. जलपर्णीचं एक रोप दिसलं की त्याच दिवशी उपटून दूर उन्हात टाका. फुलं सुंदर आहेत म्हणून आमच्या एका मैत्रिणीनं एक रोप ठेवलं होतं. दसऱ्याला तिच्या तळ्यात पाणी दिसत नव्हतं. काठाच्या पाणकणसाला थोडी जागा द्या, सुगरणींना ती लागते, पण तो सरकत आत येऊ लागला की छाटा.

मातीच्या तळ्यातला गाळ दर दोन-तीन वर्षांनी एप्रिलमध्ये काढायचा. यंत्राला सांगताना खालचा घट्ट थर खरवडायचा नाही, हे पुन्हा पुन्हा बजावा. तो थरच पाणी धरतो. मऊ गाळ जिथे संपतो तिथे थांबायचं. काढलेला गाळ हलक्या जमिनीवर पसरा, त्यात तुमचीच वाहून गेलेली माती आहे. प्लास्टिकच्या तळ्यात यंत्र उतरवता येत नाही. तिथे पाणी तळाला गेलं की अनवाणी उतरून, प्लास्टिकच्या सुपल्यांनी गाळ भरून काढायचा. लोखंडी घमेलं, फावडं काही नको.

तळ्यात एक पट्टी उभी करा, सेंटिमीटरच्या खुणा रंगवलेली. दर रविवारी तिच्यावरचा आकडा वहीत लिहा, शेजारी त्या आठवड्यातला पाऊस लिहा. पाऊस नसलेल्या आठवड्यात पाणी नेहमीपेक्षा जास्त उतरलं तर कुठेतरी गळती आहे, हे वही सांगते, बांध ओला दिसायच्या कितीतरी आधी. आमच्या वहीत गेल्या डिसेंबरात एका आठवड्याला तीन सेंटिमीटरऐवजी नऊ उतरलं. शोधत गेलो तर सांडव्याच्या दगडाखाली खेकड्याचं बीळ होतं, मनगटाएवढं. दोन पाट्या चिकण माती लागली.